मावशीची बोळवण

आमच्या पाड्यात लग्नाला भटजी उशिरा आला तरी चालतं. नवरदेव उशिरा आला तरी चालतं. एकदा तर तो आलाच नाही, आणि त्याच्या जागी बोहल्यावर चढलेला धाकटा भाऊ आज तीन पोरांचा बाप होऊन सुखात आहे. पण धवलारीण वेळेवर लागते. धवलारीण म्हणजे लग्नाचे धवले गाणारी बाई. हळद दळायची तर तिनं गायचं, मांडवाला उंबराची फांदी बांधायची तर तिनं गायचं. मंत्र भटजीचे, पण देवांना आमच्या बोलीत हाक मारायचं काम तिचं. देवही बहुधा तिचंच ऐकतात. भटजीचं संस्कृत आमच्या गावदेवीला कुठं कळतंय?

आमची धवलारीण सोनाबाई. तोंडात दात नाही, पण आवाज असा की तिनं सूर लावला तर पनवेलच्या खाडीची भरती घटकाभर थांबून ऐकते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. पुढं जे सांगणार आहे ते याहून खोटं वाटेल.

तर ही सोनाबाई हळदीच्या दिवशी आवतणं देते. पहिलं गणपतीला, मग गावदेवीला, मग घरातल्या मेलेल्या माणसांना. आणि सगळ्यात शेवटी खाडीला.

"ये गो मावशे, मांडवाचे दारी,
तुझी भाची बसली हलदीचे पाटावरी."

खाडी ही आमच्या प्रत्येक नवरीची मावशी. आई दूध पाजते, मावशी मीठ चारते. आमच्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या तिच्या चिखलात हात घालून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढल्या, निवट्या धरल्या, तिच्याच पाण्याचं मीठ करून विकलं. एवढं खाल्लेल्या नात्याला लग्नात विसरून कसं चालेल? माय मरो पण मावशी उरो, ही म्हण तुम्हाला ठाऊक असेल. आमच्याकडं लग्नघरात ती कुणी उच्चारत नाही. मावशी ऐकत असते.

ती येते कशी, तर मांडवाच्या खांबाशी एक ओली जागा दिसते, बस. कुणी तिथं पाय देत नाही. लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी त्याच मांडवाखाली पान वाढायचं: तांदळाची भाकरी, चिंबोरीचं कालवण. मग सोनाबाई बोळवणीचं गाणं म्हणणार आणि मावशीला तिच्या दारापर्यंत पोचवून येणार. खांबाशी जागा सुकली की समजायचं, पाहुणी गेली. आवतण देऊन बोळवण न करणं म्हणजे पाहुण्याला घरात घेऊन त्याच्या परतीच्या वाटेवर काटे टाकणं. असं आमच्या पाड्यात कधी कुणी केलं नव्हतं. बाळूच्या घरी झालं.

बाळू माझा चुलत भाऊ. मिठागर गेलं, खाडीकाठचं खाजण गेलं, त्यावर टॉवर उभे राहिले. एक तुकडा त्यानं राखून ठेवला, त्यात डंपरनं मुरूम ओतला आणि तीन मजली बंगला बांधला. गेटवर सिमेंटचे दोन सिंह. त्यातला एक हसतो. कारागिराची चूक, पण बाळूला तोच जास्त आवडतो. माणूस वाईट नाही हो. त्याची एकुलती एक लेक, पूर्वी नाव तिचं, नवीन पनवेलला कॉलेजात होती, तेव्हा हा रोज नाक्यावर रिक्षात बसून तिची वाट बघायचा, आणि ती दिसली की म्हणायचा, "सहज आयलो व्हतो."

पूर्वीचं लग्न ठरलं उरणच्या प्रितेशशी. मुलगा बंदरात नोकरीला, बोलायला गोड. लग्न कोन गावाच्या पुढं हायवेलगतच्या लॉनवर, पण हळद घरी, आणि धवले झालेच पाहिजेत, हा पूर्वीच्या आईचा, भामाचा हट्ट. बंगल्याच्या अंगणात मांडव पडला. सोनाबाई आली, पाटाशी बसली, गायली. शेवटचं आवतण तिनं खाडीला दिलं आणि श्वास घ्यायला थांबली, तेवढ्यात डीजेवाल्या परेशनं बटण दाबलं.

"आजी, बास आता! पब्लिकला नाचायचाय!"

"गाना संपला नाय अजून, मेल्या."

"उरलेला उद्या लॉनवर बोल. माइक देतो तुला, इको लावून!"

लोक हसले. सोनाबाईनं पानाची चंची उचलली, उठली आणि बाळूपाशी येऊन म्हणाली, "आवतान दिलाय मी. बोलवन तुजे अंगावर. परवा गाडी धाड."

गाडी धाडायची कुणाच्या लक्षात राहिली नाही. लग्नाच्या गडबडीत नवरदेवाचे बूट लक्षात राहतात, म्हातारी राहत नाही. लग्न लागलं, वरात उरणला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपवाला आला आणि पुढच्या ऑर्डरीसाठी अंगणातला मांडव उपटून टेंपोत घालून घेऊन गेला. खांब निघाला तिथला खड्डा पाण्यानं भरलेला होता. मे महिना. वर आकाशात ढगाचं बोटभर चिरगूट नाही. मी बाळूला दाखवलं.

"पाइप लीक असंल, दादूस," तो म्हणाला आणि त्यात घमेलंभर सिमेंट ओतलं.

मग पूर्वी मांडव परतायला माहेरी आली. आमच्याकडं ही रीत आहे, नवी नवरी चार दिवस आईकडं राहते, मग नवरा येऊन तिला घेऊन जातो. ती आली त्या दिवसापासून बंगल्याची तब्येत बिघडली. आधी स्वयंपाकघरातलं पाणी खारट झालं. बाळूनं टाकी धुतली, टँकर मागवला. टँकरचं गोडं पाणी टाकीत पडलं की खारं. मग न्हाणीघरात निवट्या निघाल्या. निवटी तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो: चिखलात पोटावर सरपटणारा, डोळे डोक्यावर असलेला मासा, कालवणात घातला तर माणूस ताटावरून उठत नाही. त्या फरशीवर बसून वर बघत होत्या, घरमालकानं भाडेकरूकडं बघावं तशा.

हॉलमधला सोफा भिजलेला असायचा, सगळा नाही, एक बाई मांडी घालून बसली तर जेवढा भिजेल तेवढा. भामा उन्हात उशा वाळवायची आणि त्यांवर मिठाची पांढरी कड धरायची. रात्रीचं उरलेलं कालवण सकाळी संपलेलं, आणि ताटाच्या कडेला माशाचे काटे ओळीनं लावून ठेवलेले, मोठे एकीकडं, बारीक एकीकडं. अशी काटे लावायची पद्धत माझ्या आजीच्या वेळच्या बायकांची.

बाळू म्हणायचा, मांजर असेल.

"काटे वेगले करनारी मांजर?" भामा म्हणाली. "मग तिलाच कामाला ठेवा."

अजून ती थट्टा करू शकत होती. तिची थट्टा संपली एका दुपारी. मी त्यांच्याकडं जेवायला होतो. भामा भाकऱ्या थापत होती आणि पूर्वी ओट्याशी उभी राहून बघत होती. पोरीच्या कपाळावर, केसांच्या मुळाशी, पीठ सांडल्यासारखं काहीतरी पांढरं होतं. मी बोटानं पुसलं आणि जिभेला लावलं. मीठ.

"आई, तुझी भाकरी जाड होते," पूर्वी म्हणाली. "मावशीची बघ. हात उचलतच नाही ती. पाण्यावर फिरवल्यासारखी फिरवते."

"कोण मावशी गं?" मी विचारलं.

"काका, असं काय करता? आईची बहीण. रोज दुपारी केस विंचरते माझे. इतकी मस्त झोप लागते ना! पुनवेला तिच्याकडं राहायला चल म्हणाली आहे. मी हो म्हटलं."

भामाच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. तिनं ती तशीच जळू दिली, माझं मनगट धरलं आणि मला मागच्या दारी नेलं. तिचा हात पिठानं माखलेला होता आणि थंडगार होता.

"भावजी," ती म्हणाली, "मना बहीन नाय."

मला ते ठाऊक होतं. सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. तरी तिनं ते पुन्हा म्हटलं, जणू तिसऱ्यांदा म्हटलं तर एखादी बहीण सापडेल.

त्याच संध्याकाळी प्रितेशला फोन करून बोलावलं. रीतीचे दिवस झाले नव्हते, पण रीत गेली उडत, पोर इथून हलली पाहिजे. प्रितेश दुसऱ्या दिवशी सकाळीच नवी कोरी गाडी घेऊन आला. पूर्वी हसत बसली, आई-बाबांना हात केला. मी मागच्या सीटवर होतो, कारण कुणीतरी मोठं माणूस बरोबर हवं आणि मी मोठा आहे, शहाणा नसलो तरी.

गाडी पाड्याच्या कमानीखालून गेली आणि माझ्या पायांना गार लागलं. खाली बघतो तर घोट्यापर्यंत पाणी. गाडीच्या काचा बंद, दारं बंद, बाहेर धुरळा उडतोय, आणि आत पाणी चढतंय. गढूळ, चिखलाच्या वासाचं.

"एसी लीक झाला वाटतं!" प्रितेश म्हणाला. एसीतून कोळंबीचं पिलू पडतं का, असं मी विचारणार होतो, पण माझी नजर पूर्वीकडं गेली. तिच्या मांडीवर पाणी आलं होतं आणि ती तोंड उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. टोपलीतला मासा करतो तसं. आवाज नाही.

"वलव! गाडी वलव!" मी ओरडलो.

त्यानं गाडी जागीच फिरवली. कमान ओलांडून आत आलो तसं पाणी उतरलं आणि बंगल्याच्या गेटाशी पोचलो तोवर सीटवर नुसता ओलावा राहिला. पूर्वीनं खोल श्वास घेतला.

"सॉरी," ती म्हणाली. "मावशीला सांगून निघायला पाहिजे होतं."

प्रितेश त्यानंतर गोड बोलला नाही. दिवसभर तिच्या शेजारी बसून राहिला, तिचा हात हातात धरून. दुपारी तिच्या वेणीला त्याच्या डोळ्यांदेखत पीळ पडला, तेव्हाही तो उठला नाही. पोरगा मला तेव्हापासून आवडतो.

पुनव उद्यावर आली होती. पुनवेचं उधाण आमच्याकडं भर दुपारी येतं, सूर्य डोक्यावर आणि पाणी काठावर. मावशी भाचीला नेणार ती तेव्हाच, हे सांगायला पंचांग लागत नव्हतं. आम्ही तिघं, बाळू, भामा आणि मी, सोनाबाईच्या दारात गेलो.

ती उंबऱ्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"डीजेवाल्याला ईचार," ती म्हणाली. "त्याचे पेटीत बोलवनीचा गाना असंल. इको लावून."

भामा तिच्या पायाशी बसली. नुसत्या शेंगा सोलायला लागली. बऱ्याच शेंगा सोलून झाल्या. मग सोनाबाईनं सूप बाजूला सरकवलं.

"माज्या रागाचा काय घेऊन बसलीस? मी रागावले तर भाजी खारट होते. ती रागावली तर पोर जाते." तिनं बाळूकडं पाहिलं. "उंबराची फांदी आन. मंडपवाल्याचा मांडव नको, तुजे हातानं चार बांबू रोव. आनि भामे, पान तू वाढायचा. हाटेलचा नाय."

आता चिंबोऱ्या आणायच्या कुठून? पनवेलच्या बाजारात मिळतात, पण त्या कुठल्या कुठल्या खाडीतल्या. परक्या खाडीचं पाहुणीला वाढलं तर ती ताट उलटवेल. न्हाणीघरातल्या निवट्या तिनंच आणलेल्या, पाहुणीचाच खाऊ पाहुणीला कसा द्यायचा? शेवटी मीच निघालो. हायवेच्या पुलाखाली जिथं जुन्या खाडीचा एक ओघळ अजून जिवंत आहे, तिथं गुडघाभर चिखलात उभा राहिलो. माझ्या बापाच्या वेळी इथल्या चिंबोऱ्या एवढ्या मोठ्या की एकीनं आमच्या बैलाची वेसण धरून त्याला ओढत नेला होता. बापानं बैल सोडवला नाही, दोघांचं बरं चाललं होतं म्हणाला. त्या दिवशी मला मिळाल्या त्या बोटाएवढ्या, काळ्या, चिडक्या. पण आमच्या खाडीच्या.

पुनवेला सकाळी अंगणात चार बांबू रोवले, फांदी बांधली. भामानं पाटा धुऊन वाटण वाटलं, भाकऱ्या थापल्या. त्या दिवशीच्या भाकऱ्या जाड झाल्या नाहीत. पान वाढलं. बांबूच्या बुडाशी मातीतून पाणी वर आलं आणि पानाभोवती गोल फिरलं. भाकरीचा एक तुकडा मऊ पडला, विरघळला, मग दुसरा. कालवण सावकाश कमी होत गेलं. आम्ही सगळे खाली बघत होतो. बाई जेवत असताना तिच्याकडं टक लावून बघू नये.

पूर्वी पायरीवर बसली होती, शालू नेसून. तिनं तो कधी नेसला हे कुणी पाहिलं नव्हतं. प्रितेशनं तिला दोन्ही हातांनी कवेत धरून ठेवलं होतं आणि ती त्याच्या खांद्यावरून त्या पानाकडं बघत होती. पायरीच्या खालच्या अंगाला फरशीच्या सांध्यांतून पाणी झिरपायला लागलं. सूर्य चढत होता.

सोनाबाईनं सूर लावला. बोळवणीच्या गाण्यात ती मावशीला सगळी वाट सांगते. मांडवातून निघ, अंगणातून निघ, शेवऱ्याच्या झाडाकडून बांधावर चढ. आणि शेवटी प्रत्येक घराची जी उघाडी असते तिचं नाव घ्यायचं. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप. भरतीला खाडी बाहेर ठेवायची आणि ओहोटीला शेतातलं पाणी सोडायचं दार. आमच्या घराण्याची थोरली उघाडी. तेच मावशीचं दार. तिथं ताट रिकामं करायचं की बोळवण झाली.

गाणं बांधापर्यंत आलं आणि थांबलं.

"बाल्या," सोनाबाई म्हणाली, "थोरली उघाडी कुठं केलीस तू?"

बाळूनं मान खाली घातली.

"ईचारते मी. बांध दिसं नाय, झाड दिसं नाय. हिला नेऊ कुठं? दार कुठं हाय हिचा?"

पाणी पहिल्या पायरीवर चढलं. पूर्वीच्या शालूचा काठ ओला झाला आणि तिनं तोंड उघडलं, मिटलं.

"सांग की मेल्या!" भामा किंचाळली.

बाळूनं हात वर केला आणि बोटानं दाखवलं. आपल्याच बंगल्याकडं. हॉलच्या मधोमध, सोफ्याच्या खाली. "जागा सखल व्हती," तो म्हणाला. "बुजवून पाया घातला. मना काय ठावं..."

सोनाबाईनं ते तीन मजले वरपासून खालपर्यंत पाहिले आणि ती हसली.

"मग ही पाहुनी कशी? ही तं घरीच हाय. दारात बसलेय आपले." तिनं आम्हा सगळ्यांवरून बोट फिरवलं. "पाहुने तुमी. आनि पाहुने जात नाय म्हनून ती पोरीला घरची समजून बसली. बोलवन हिची नाय करायची, तुमची करायची. उठा."

"उठा म्हंजे?" बाळू म्हणाला.

"हाताला लागंल ते घेऊन निगा. पाहुना निगतो तसा. कायपन म्हनू नको, माजा म्हनून कशाला हात लावू नको. दार उघडा ठेव. पाहुना यजमानाचे घराला कुलूप लावत नाय, येवढा ध्यानात ठेव."

भामा उठली तीच पूर्वीचा दुसरा हात धरून. तिनं मागं वळून स्वयंपाकघराकडं एकदा पाहिलं, पाटा-वरवंट्याकडं पाहिलं आणि तो तिथंच सोडला. सोनाबाई गात होती, पण आता गाण्यातली वाट उलटी होती: हॉलमधून निघ, पायरी उतर, सिंहांच्या मधून जा. पूर्वी एकेक पाऊल टाकत होती आणि तिच्या अंगावरून पाणी गळत होतं, शालूतून, केसांतून, बोटांच्या टोकांतून. गेटाबाहेर पडली तशी ती भामाच्या गळ्यात पडून रडायला लागली. खरं रडणं, आवाजाचं. "आई, मला मावशी नाहीये ना गं?" म्हणाली. भामानं तिला गाडीत बसवलं, स्वतः बसली, प्रितेशनं गाडी हाकली.

बाळू सगळ्यांच्या मागून आला. मी, सोनाबाई आणि तो रस्त्यात उभं राहून गाडी कमानीखालून जाताना बघत होतो. पलीकडं गेली. लहान झाली. मी सुटकेचा श्वास घेतला आणि त्याच वेळी बाळूच्या खिशात काहीतरी खणकलं.

"काय रं ते?" सोनाबाईनं विचारलं.

त्यानं हात खिशात घातला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या हातात किल्ली होती. तो तिच्याकडं असा बघत होता जणू ती दुसऱ्याच्याच खिशातून निघाली. आयुष्यभर जमीन राखलेला माणूस; घराबाहेर पडताना हात आपोआप कुलपाकडं जातो. त्याला कळलंही नव्हतं.

माझा फोन वाजला. भामा होती. शब्द नव्हते, नुसतं पाण्याचं गुडगुडणं आणि प्रितेशचं ओरडणं, "दार उघडत नाहीये! काका, दार उघडत नाहीये!"

"कुलूप लावलास म्हंजे घर तुजा म्हनलास," सोनाबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच म्हातारीचा वाटला. "आता तू यजमान. आनि ती घरात. ती घरात हाय तवर यजमानानं उंबरा वलांडायचा नाय. तू बाहेर र्‍हायलास तर ती पोरीला घेऊन हिशेब पुरा करंल."

बाळूनं एवढंच विचारलं, "आत गेलो तं पोर सुटंल?"

तिनं मान डोलावली.

तो धावला. पोट सुटलेला, गुडघे दुखणारा माणूस, असा धावला की चप्पल रस्त्यातच राहिली. गेटातून आत गेला, पायऱ्यांवर पाणी गुडघ्याला लागत होतं त्यातून वर चढला, कुलूप काढलं, दार लोटलं. आत काय होतं ते मला दिसलं नाही. नुसता एक गार, ओला वारा बाहेर आला, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा. दार आपसूक मिटलं. माझ्या कानाला लावलेल्या फोनमध्ये पाण्याचा आवाज थांबला आणि कुणीतरी मोठ्यानं खोकलं. मग पूर्वीचा आवाज आला, "आई, बाबा कुठायत?"

पूर्वी आता उरणला आहे. भामाही तिच्याकडंच राहते. तिनं तिथं घरगुती जेवणाचा व्यवसाय सुरू केलाय, आणि तिच्या हातचं खाल्लं तर बंदरातली बोट नांगर विसरते. व्हिडिओवर मी त्यांच्याशी बोलतो. पूर्वी फोन घेऊन घरभर फिरते, पण तिच्या मागं खिडकीत समुद्र आला की ती पडदा ओढून घेते.

बंगला तिथंच आहे. आसपास कुठं खाडी नाही, रस्ता डांबरी, पलीकडं टॉवर. आणि तरी भरती असेल तेव्हा खालच्या मजल्याच्या खिडक्यांतून आत पाणी हलताना दिसतं, बाहेर थेंब सांडत नाही. पालिकेचा एक माणूस बघायला आला होता. त्यानं गेटातून डोकावलं, आपली बॅग घट्ट धरली आणि गेला. बाहेरून कुणी दार वाजवत नाही. कुलूपही नाही.

मी ओहोटीची वेळ साधून जातो, गेटाबाहेर उभा राहतो. बाळू खिडकीच्या ग्रिलशी येतो. सदरा मिठानं ताठ झालेला, पापण्यांवर पांढरं. तब्येत मात्र सुधारली आहे, खोटं कशाला बोलू. परवा गेलो तेव्हा त्यानं विचारलं, "दादूस, पोर जेवते कं बरोबर?"

"जेवते. जरा अंगानं भरलेय. गोड बातमी हाय म्हनतात."

तो हसला. मग हसू ओसरलं आणि तो ग्रिलला धरून पुढं वाकला. "तिला सांग, बालंतपनाला माहेरी येव नको. कोन बोलवायला आला तरी येव नको. मीच आलो तरी."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्याच्या मागून, आतल्या अंधारातून, भाकरी थापल्याचा आवाज आला. एकसारखा, हात न उचलता थापल्यासारखा. मग एका बाईनं त्याला हाक मारली, अगदी मायेनं, घरच्या माणसाला मारावी तशी. पान वाढलंय म्हणाली.

"आयलो," बाळू म्हणाला आणि खिडकी आतून लावून घेतली.